मदत हवी आहे : तलावाकाठच्या वाटेवर सायकलींचा नियम

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील आमच्या लहान शहरात तलावाकाठच्या फरसबंद वाटेवर सायकलींना पूर्ण बंदी घालावी की फक्त सकाळ-संध्याकाळ, यावर पुरसभेच्या (लहान शहराच्या नगरपालिकेच्या) बैठकीत चर्चा होणार आहे. गेल्या आठवड्यात आईच्या हातातील दुधाची किटली एका सायकलच्या हँडलला अडकून सांडली. तरीही सरसकट बंदी मला पटत नाही, कारण शाळकरी मुलांसाठी दुसरा रस्ता ट्रकांचाच आहे. विजेवरील सायकलींचा प्रश्न वेगळाच: २५० वॅटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या सायकली, वजनाची अट पाळल्यास, मोटार वाहनांत मोडत नाहीत. कर्नाटक नगरपालिका अधिनियम, १९६४ अन्वये केलेल्या उपविधींवर (स्थानिक नियमांवर) कोणी लेखी हरकत नोंदवली असल्यास मसुदा कसा लिहावा आणि मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडावी का, हे कृपया कळवावे.