बीटची पानं टाकू नका

रक्त वाढवायला रोज बीट खा असं बऱ्याचजणी सुचवतात. रंगामुळे तसं वाटतं खरं, पण 100 ग्रॅम कच्च्या बीटमध्ये लोह जेमतेम 0.8 मिलिग्रॅम असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या बीटवर विसंबू नका, कृपया डॉक्टरांना दाखवा.

बीटचा खरा गुण फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि नायट्रेटमध्ये आहे. तोंडातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. (पण म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका!) ऑक्सलेट (कॅल्शियमशी जुळून खडे करणारा घटक) भरपूर असल्यामुळे मुतखडा होणाऱ्यांनी बेतानंच खावं.

फोलेट पाण्यात उतरतं, म्हणून साल आणि थोडा देठ ठेवून अख्खं बीटच वाफवा. मग किसून दही, दाण्याचं कूट आणि वर जिरं-मिरचीची फोडणी.

आणि पानं! भाजीवाले खुडून टाकतात, ती मागून घ्या. कंदापेक्षा त्यांत लोह जास्त असतं. लसणाच्या फोडणीवर परतून डाळीचं पीठ पेरा, वाढताना लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.