सीबकथॉर्न आपल्याकडं येईल का?

प्रश्न (बीड): लेहला गेलतो, तिथं सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळाचा नारंगी आंबट ज्यूस पिलो, लई आवडला. कमी पाण्यात टिकतं म्हणतेत, मग आपल्या माळावर लावावं का?

उत्तर: दादा, नका लावू. ते उणे ४० अंश सोसतं पण त्याला कडक थंडी लागतेच, आपला मे महिना नाही झेपायचा. तिकडं मात्र सोनंच हाय ते, मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतेत, वाळूची धूप थांबते, काट्याचं कुंपण होतं आन फळात व्हिटॅमिन सी भरपूर.

उत्तर: आन नर-मादी झाडं वेगळी असतेत, एकच रोप आणलं तर फळ धरत नाही. त्यापेक्षा आवळा लावा, सी त्यातबी चिक्कार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सीबकथॉर्नचं तेल डॉक्टरला विचारूनच घ्या.