नळीची वाट: सोलापूरचे सहा जण, त्यात 17 वर्षांचा भाचा. माघारी कधी फिरायचं हे आधी कसं ठरवता?

माळरानकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब झालाय, पण पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सहा जण हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने (कड्यालगतच्या अरुंद नाळेतून, दोर लावायच्या कातळटप्प्यांनी वर जाणारी वाट) जायचं म्हणतोय. शुक्रवारी रात्री सोलापुरातून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून गाडीने माळशेजच्या रस्त्याला मोरोशी, मग बेलपाडा, आणि पोचलो की लगेच चढायला लागायचं. संध्याकाळी कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याच्या माथ्यावर, मुक्काम, रविवारी पाचनईला उतरून परत. तिकिटं काढून झालीत.

आमच्यात मीच त्यातल्या त्यात फिरलेला. कळसूबाई, राजगड, हरिहर, आणि हरिश्चंद्रगड खिरेश्वरच्या बाजूने, एवढं झालंय. दोर लावून चढायचा अनुभव मला नाही, बाकीच्यांनाही नाही. सगळ्यांच्या पायांत ताकद आहे. कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जाणारी मंडळी आहोत, रात्रभर चालून सकाळी देवीच्या दारात उभं राहायची सवय आहे. पण ते डांबरी रस्त्यावरचं चालणं, आणि आमचं गाव कसं सपाट आहे ते तुम्हाला माहीत आहेच.

खरी काळजी भाच्याची आहे. वय 17. बारावीचं वर्ष असूनही ताईने परवानगी दिली ती फक्त "मामा सोबत आहे" म्हणून.

गेल्या जानेवारीत खिरेश्वरहून जाताना तोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर एक गोष्ट घडली. तिथे रेलिंग आहे. भाचा माझ्या पुढे चार पावलांवर होता. त्याच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि भाकरीचा पापुद्रा उचलावा तसा टाचेपर्यंत उघडा पडला. पाय सरकला. डाव्या हाताने त्याने रेलिंग धरलं होतं म्हणून तो गुडघ्यावर आला. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. बूट त्याच्या थोरल्या भावाचे होते. घरात पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे पडून होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या माळ्यावर काय भट्टी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. वरून बूट नव्यासारखे दिसत होते, आतला गम पार वाळून गेला होता.

माझ्या जवळच्या सुतळीने बूट बांधला आणि आम्ही वर गेलो. सगळे हसले, फोटो काढले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. तिथे रेलिंग होतं. नळीत नाही. पाय सरकायची शक्यता दोन्हीकडे सारखीच धरली, तरी सरकल्यावर खाली काय आहे हा हिशेब वेगळा होतो. हा फरक मला तेव्हा कळला, आणि तोच मी बाकीच्यांना समजावू शकत नाहीये. ते म्हणतात, "यूट्यूबवर बघ, दहा-बारा वर्षांची पोरं चढतात."

तर प्रश्न असे. दोराचा अनुभव नसलेल्या गटाने ही वाट करावी का? आणि करायची ठरलीच, तर "इथून पुढे जायचं नाही, परत फिरायचं" हे कुठे आणि कशावरून ठरवायचं? वर गेल्यावर सहा जणांचं मत सहा दिशांना जाणार आणि शेवटी सगळ्यात उत्साही माणसाचंच चालणार, हे मी ओळखून आहे. म्हणून आत्ताच ठरवायचंय.

आणखी दोन गोष्टी. एका मित्राला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दुसऱ्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. तो म्हणतो, "ट्रकवर ताडपत्री आवळायचा नायलॉनचा दोर आणतो, बक्कळ मजबूत असतो." चालेल का?

---

कातळखुणा

माळरानकर, मी पुण्याचा. नळीची वाट तीन वेळा केली आहे आणि एकदा पायथ्यातूनच परत आलोय. तुमच्या कातळटप्प्यांकडे नंतर येतो, आधी घड्याळाकडे बघा.

कल्याणला पहाटे उतरलात, चहा झाला, गाडी मिळाली, मुरबाड-टोकावडे करत बेलपाड्याला पोचेपर्यंत आठ-साडेआठ होणार. वाटाड्याला भेटून पाणी भरून निघायला नऊ. बेलपाड्यापासून कड्याच्या माथ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त चढ आहे. त्यातला मोठा भाग ओढ्यातल्या दगडधोंड्यांतून, मग घसाऱ्यातून. नवखा गट असेल तर आठ-नऊ तास धरायलाच लागतात. म्हणजे संध्याकाळचे सहा. डिसेंबरात त्या वेळी सूर्य मावळतीला टेकलेला असतो. एका टप्प्यावर एक जण अर्धा तास अडकला, तर शेवटचा भाग अंधारात. आणि आदल्या रात्री गाडीत धड झोप नाही.

तुमचा सगळ्यात मोठा धोका सोलापूर स्टेशनावरच्या आरक्षणात आहे, कोकणकड्याखाली नंतर. या वाटेला जाणारे लोक आदल्या रात्री बेलपाड्यात मुक्काम करतात आणि पहाटे पाच-साडेपाचला बॅटरीच्या उजेडात निघतात, ते याचसाठी.

आता माघारीचं. या वाटेचा स्वभाव असा की पहिला दोराचा टप्पा चढून गेलात की परत फिरणं हे वर जाण्यापेक्षा अवघड होतं. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय आंधळा असतो. त्यामुळे "अर्धं जाऊन बघू, नाही जमलं तर फिरू" ही योजना इथे चालत नाही. फिरायचं ते पहिल्या टप्प्याच्या आधी. आम्ही वेळ ठरवतो: पहाटे निघून अमुक वाजेपर्यंत पहिल्या टप्प्याशी सगळे पोचलो नाहीत, तर परत. कोणाचीही चूक न काढता. आणि गटातल्या सगळ्यात बुजऱ्या माणसाला नकाराधिकार द्यायचा. त्याने एकदा "नको" म्हटलं की चर्चा बंद.

दुसरं, नळीत वरून दगड येतात. तुम्ही कितीही चांगले चढत असाल, वरच्या गटातल्या एकाच्या पायाखालून निसटलेला नारळाएवढा दगड तुमचं कौशल्य बघत नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते तेव्हा हे जास्त. पहाटे सगळ्यांच्या आधी आत शिरायचं, एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने थांबायचं नाही, विश्रांती घ्यायची ती कडेच्या कातळाला पाठ लावून. दगड सुटला की मोठ्याने "दगड!" ओरडायचं, आणि ओरडा ऐकून वर बघायचं नाही. नवीन माणूस हमखास वर बघतो.

---

माळरानकर (धागाकर्ता)

कातळखुणा, तुमचं घड्याळाचं वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. एवढे दिवस मी टप्प्यांचे व्हिडिओ बघत होतो, बूट बघत होतो, आणि निघायची वेळ एकदाही कागदावर मांडली नव्हती. आमच्या ग्रुपवर टाकलं. एकाचं उत्तर: "मग तिकिटांचं काय?" दुसऱ्याने रजा मंजूर करून घेतली आहे, ती पुन्हा मिळणार नाही. मला कळतंय की ही कारणं नाहीत. पण समोरासमोर बसल्यावर हीच जड पडतात.

---

दोरखंड

ताडपत्रीच्या दोराबद्दल स्पष्ट सांगतो: नाही. तो दोर ओझं आवळायला केलेला असतो, पडणारं माणूस झेलायला नाही. माणूस पडतो तेव्हा जो हिसका बसतो तो दोराने ताणून स्वतःत जिरवायचा असतो. प्रस्तरारोहणाचा डायनॅमिक दोर त्यासाठीच ताणतो. वरून उतरायला वापरतात तो स्टॅटिक, कमी ताणणारा. ट्रकवरचा दोर ऊन, डिझेल, कोपऱ्यांवरची घासण खाल्लेला असतो आणि आतून किती तुटलाय ते दिसत नाही. तुमच्या भाच्याच्या बुटाचा गम आठवा, तीच गोष्ट.

पण त्याहून महत्त्वाचं. उद्या कोणी तुम्हाला उत्तम दोर, हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) सगळं आणून दिलं, तरी वर कोण बांधणार? कशाला बांधणार? बिले कोण देणार, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला कोण सांभाळणार? दोर हा वस्तूपेक्षा माणसाचा प्रश्न आहे. ते काम येणारी दोन माणसं गटात नसतील, तर दोर सोबत असल्यामुळे उलट नको तिथे धाडस होतं.

हेल्मेट गिर्यारोहणाचंच घ्या, भाड्यानेही मिळतं. बांधकामावरचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा नसेल तर, पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून उडतं.

संस्थेबरोबर जाणार असाल तर "तुमचा प्रस्तरारोहणाचा कोर्स झालेला माणूस आमच्या बॅचला कोण आहे, आणि एका दोरामागे किती जण?" हे फोनवर विचारा. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणी आहे का तेही विचारा. उत्तर देताना चिडणाऱ्याबरोबर जाऊ नका.

---

उपचारवाट

मी सोलापुरातच डॉक्टर आहे. मित्राच्या गोळ्या कोणत्या आहेत ते महत्त्वाचं. काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते, विशेषतः आठ तास चढ आणि वेळेवर जेवण नाही अशा दिवशी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही आणि नेहमीसारखी घेऊन उपाशीही चढायचं नाही. जाण्याआधी त्याच्या डॉक्टरांना दिवसाचा पूर्ण कार्यक्रम सांगून विचारा. खिशात ग्लुकोज हवंच, पाठीवरच्या सॅकच्या तळाशी नको. दर तासा-दीड तासाने थोडं खा. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी याला उत्तम, फक्त पाणी जास्त लागेल. हात थरथरणं, घाम, चिडचिड, विचित्र बोलणं दिसलं तर "दमलाय" असं समजू नका, आधी साखर द्या. ही लक्षणं बाकी पाचही जणांना माहीत पाहिजेत.

---

पोराची_आई

माझा मुलगा चार वर्षं डोंगरात जातोय. मी जाऊ देते. पण मला आवडलेलं एक सांगते. पहिल्यांदा तो ज्यांच्याबरोबर गेला त्या दादांनी मला "काळजी करू नका, मी आहे ना" असं म्हटलं नाही. त्यांनी समोर बसून सांगितलं, की वाटेवर या या दोन जागा आहेत, इथे पडला तर हात मोडेल, तिथे पडला तर वाचणार नाही, आणि तिथे आम्ही असं असं करतो. मी रडले. तरी हो म्हटलं, कारण मला कशाला हो म्हणायचंय ते कळलं होतं.

तुमच्या ताईने मामाला हो म्हटलंय. त्या वाटेला अजून म्हटलेलं नाही.

आणि घरी एक चिठ्ठी ठेवून जा. कोण कोण, कोणती वाट, वाटाड्याचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर 112 ला कळवायचं. नळीत रेंज नसते म्हणतात, मग शोध घरूनच सुरू होणार. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन चालू आहे का ते निघण्याआधी बघून नंबर चिठ्ठीवर लिहा.

---

कातळखुणा

धागाकर्त्यांनी "करावी का" असं थेट विचारलं होतं, म्हणून थेट उत्तर. या गटाने, या वेळापत्रकात, स्वतःच्या बळावर: नको. हरिश्चंद्रगडच हवा असेल तर पाचनईची वाट आहे, दोन-तीन तासांत वर. थोडी मेहनत हवी असेल तर बेलपाड्यातूनच साधले घाट वर जातो. लांब पडतो, पण दोराचं काम नाही, आणि नाळ खालून डोळे भरून बघता येते. वाटाड्या मात्र घ्या, फाटे चुकतात. कोकणकडा सगळ्या वाटांनी तोच दिसतो.

नळीची पुढच्या वर्षी करा. मधल्या काळात दोघा-तिघांनी प्रस्तरारोहणाचा मूलभूत कोर्स करा.

---

माळरानकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी ताईकडे जाऊन बसलो. तिला व्हिडिओ दाखवला, घाई न करता, थांबवून थांबवून. कुठे काय होऊ शकतं ते तिच्याशी पहिल्यांदाच बोललो. जानेवारीतल्या बुटाचंही सांगितलं, ते आम्ही दोघांनी घरी लपवलं होतं. ती माझ्यावर चिडली, आणि ते बरोबरच होतं. भाचा आधी गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्या दिवशी मी तुला सांगितलं नाही, बूट खाली पायथ्याशीच ढिला लागत होता. सगळे पुढे गेले असते म्हणून बोललो नाही." खिंडीच्या आधीपासून त्याला माहीत होतं. मला यापुढे गटात सगळ्यात आधी तेच बदलायचंय. दर थांब्याला प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं: पाय, पाणी, बूट, मन.

नळी रद्द. गटातल्या एकाने "मग मी येत नाही" म्हणून सांगितलं, वाईट वाटलं, पण ठीक आहे. पाच जण शुक्रवारी दुपारीच निघतोय, रात्री बेलपाड्यात मुक्काम, शनिवारी उजाडायच्या आधी वाटाड्याबरोबर साधले घाट. आज संध्याकाळी नवी पेठेत भाच्याचे बूट दाखवले. शिवणाऱ्या काकांनी तळवा अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, "टाके मारून देतो, पण शाळेला घाला, डोंगराला नको." नवीन घेतोय. महिनाभर आठवड्यातून दोनदा तुळजापूरच्या घाटात चढ-उतार करायचं ठरलंय, तेव्हा तेच बूट घालून.

आता एकच विचारायचं राहिलं. साधले घाटाने डिसेंबरात कोणी गेलं असेल तर सांगा, वाटेत भरवशाचं पाणी कुठे मिळतं, की माणशी चार लिटर खालूनच उचलावं?