मूल कुत्र्याच्या तावडीत असताना कुत्र्याला मारावे की मारू नये?

वारजेकर :
गेल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी एका भटक्या कुत्र्याने माझ्या सात वर्षांच्या भाचीची पोटरी धरली. हातातल्या छत्रीचे दोन तडाखे पाठीत बसले, तेव्हा कुठे त्याने सोडले. चार दात उमटले होते आणि पांढरा मोजा रक्ताने कातडीला चिकटला होता. मुलीची विचारपूस राहिली बाजूला. त्या कुत्र्याला रोज खाऊ घालणाऱ्या शेजारीणबाईंनी मलाच क्रूर ठरवले. माझे मत असे की, अशा वेळी हाताला लागेल त्याने मारणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे आणि चावलेले कुत्रे पुन्हा त्या आवारात दिसता कामा नये.

भूतदया :
मुलीबद्दल वाईट वाटते, पण मारण्याचे समर्थन मला पटत नाही. मार बसल्यावर कुत्रे बऱ्याचदा जबडा अधिकच आवळते, आणि त्याच वेळी आपण घाबरून मुलाला ओढले, तर जिथे नुसते दात रुतले असते तिथे मांस फाटते. दप्तर, पिशवी, जे हाताशी असेल ते मध्ये घालावे आणि मुलाची मान व चेहरा आपल्या अंगाआड घ्यावा. कुत्रे हलवण्याविषयी म्हणाल, तर 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी व लसीकरण करून ते पकडलेल्या जागीच सोडावे लागते. ते गेले, तरी त्याच कचऱ्यावर दुसरे येते आणि त्या नव्याला लस टोचलेली असेल याचा काय भरवसा?

सदाशिवपेठी :
आपण नियम अर्धाच सांगितलात. त्याच नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी असेही आहे. इथे तर फाटकाशीच पंगत बसते. शिवाय 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडण्यातून वगळली आहेत. छत्रीवर एवढा खल चालला आहे, पण वारजेकर, जखम किती वेळात धुतलीत, ते आपण लिहिलेच नाही. साबण आणि वाहते पाणी, तेही पंधरा मिनिटे, हा खरा पहिला उपचार आहे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

वारजेकर :
प्रश्न वर्मी लागला. माझे शेजारणीशी भांडण चालू असताना आईने, म्हणजे मुलीच्या आजीने, जखमेत हळद दाबून भरली होती. दवाखान्यात आधी ती हळद धुऊन काढावी लागली, आणि त्या वेळी मुलगी कुत्रे चावताना रडली नव्हती इतकी रडली. दात कातडीच्या आत गेल्यामुळे नुसत्या लसीवर भागले नाही. जखमेत आणि तिच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, हेही टोचले. जखमेला टाके मात्र घातले नाहीत. पुढच्या मात्रांच्या तारखा आता फ्रिजवर चिकटवल्या आहेत. भूतदयांचा दप्तराचा उपाय मान्य आहे. पण त्या सकाळी हातात छत्रीच होती आणि उद्याही ती उगारीन.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे. ते काम शेजारीणबाई करतात. रोज सकाळी फाटकाशी "आज खाल्लंय त्यानं" एवढेच सांगतात आणि पुढे जातात.