लग्नानंतरची मारिया

'गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, शेवटी लग्न, एवढीच गोष्ट' असं अशा टीव्ही मालिकांबद्दल म्हटलं जातं, पण ते मला 'मारिया ला देल बार्रियो'च्या बाबतीत पटत नाही. या १९९५-९६च्या मेक्सिकन मालिकेत लग्न हा शेवट नाहीच, खरं दुखणं तिथून सुरू होतं.

मेक्सिको सिटीत कचरा वेचून पोट भरणारी मारिया (थालिया) श्रीमंत दे ला व्हेगा कुटुंबाच्या वाड्यात येते ती घरातले वडीलधारे फर्नांदो यांच्या दयेमुळे. त्यांचा मुलगा लुईस फर्नांदो (फर्नांदो कोलुंगा) प्रेमात पडतो, लग्न होतं. पण पुढे बायकोवर संशय घेऊन तो तिला सोडून जातो तेव्हा ती गरोदर असते. बाळंतपणानंतर तिचं मन इतकं ढासळतं की त्या अवस्थेत ती तान्हं बाळ एका अनोळखी बाईच्या हाती देऊन टाकते. नंतर भानावर आल्यावर वर्षानुवर्षं शोधत राहते. हा भाग बघताना मला अक्षरशः गलबलून येतं. वस्ती सुटली, दागिने अंगावर आले, पण नवऱ्याचा विश्वास काही तिच्या हक्काचा झाला नाही. वर्गाची दरी म्हणतात ती हीच.

सगळे मालिकेतली खलनायिका सोराया (इताती कांतोराल) आणि तिच्या आरडाओरड्याबद्दलच बोलतात. भूमिका जबरदस्त आहेच. पण मारियाच्या त्या शोधाकडे जरूर बघा.

आणि आवडली तर हिचं मूळ असलेली १९७९ची 'लोस रिकोस ताम्बियेन योरान'ही पाहा. वेरोनिका कास्त्रोची ती मालिका पुढे रशियातही घराघरांत पोचली होती.