मदत हवी आहे: लांब वळणात रेस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडली की मागची बाजू सुटते (मिड-इंजिन म्हणजे सीटच्या मागे इंजिन, ट्रॅक डेसाठी)

नमस्कार मंडळी,

गाडी टोयोटा एमआर२, दुसरी पिढी, एसडब्ल्यू२०. टर्बो नसलेलं २ लिटरचं थ्रीएस-जीई इंजिन, १५ इंची चाकं. रस्त्यावर चालवत नाही, फक्त ट्रॅक डेसाठी (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचे दिवस) ठेवली आहे. मूळ अवस्थेत दोन वर्षं चालवली आणि तेव्हा तिने एकदाही दगा दिला नाही, हे आधी सांगतो. म्हणजे जे बिघडलंय ते मी हात लावल्यानंतर.

काय काय केलं: उंची बदलता येणारे सस्पेन्शन लावून गाडी ४० मिमी खाली घेतली. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे) टायर टाकले, पुढे २०५ आणि मागे २२५ (आधी १९५ आणि २२५ होते). हळू वळणात नाक बाहेर जायचं, म्हणून मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) लावला. अलाइनमेंट करून घेतलं, कागदावर मागची दोन्ही चाकं प्रत्येकी १.५ मिमी टो-इन (चाकाची पुढची कड आत वळलेली). हे सगळं एकाच दमात झालं.

आता घडलं ते. तिसऱ्या गिअरमधलं लांब उजवं वळण. समोरच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, मी रेस सोडली. ब्रेकला पायही लावला नव्हता. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मागची बाजू डावीकडे गेली, मी उलटं स्टिअरिंग मारलं तोवर ती परत दुसऱ्या बाजूला झोपली आणि गाडी गवतात उलट्या तोंडाने उभी. गाडीला काही झालं नाही, मलाही नाही. पण हात बराच वेळ थरथरत होते, आणि तेव्हापासून त्या वळणात माझा पाय मोकळा पडत नाही.

आणखी एक. त्याच वळणात ऑइल प्रेशरचा दिवा दोनदा लुकलुकला. सरळ आल्यावर विझला.

आधी काय बघू? बार काढू, की टायर बदलू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

स्पिनचं नंतर बघू. तो दिवा वळणात लागायचा थांबेल अशी दुरुस्ती होईपर्यंत गाडी ट्रॅकवर नेऊ नका, अगदी एका लॅपसाठीही नाही.

कारण सांगतो. वळणात आडवा जोर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा) झाला की इंजिनच्या तळाच्या चेंबरमधल्या ऑइलची पातळी ४५ अंशात कलते. साध्या टायरवर गाडी तिथवर पोचत नव्हती, सेमी-स्लिकवर पोचते, आणि लांब वळणात तिथे काही सेकंद राहते. तेवढ्या वेळात ऑइल एका बाजूला चढतं, पिकअपचं (ऑइल ओढणाऱ्या नळीचं) तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं, म्हणजे बेअरिंग त्याआधीच कोरडी पडायला लागलेली असते.

ऑइल काढा, फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून उन्हात धरा. चमचमतं काही दिसलं तर इंजिन खोलायची तयारी ठेवा. काही नसेल तर चेंबरमध्ये बाफल (ऑइल एका बाजूला पळू न देणारे आडवे पत्रे) बसवा आणि डोळ्यांसमोर काट्याचा ऑइल प्रेशर गेज लावा. काही जण अर्धा लिटर ऑइल जास्त भरून वेळ मारून नेतात. मला ते पटत नाही, क्रँक त्यात बुडायला लागली की ऑइलचा फेस होतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आता वागणुकीबद्दल.

तुम्ही तीन गोष्टी केल्या आणि तिन्हींनी गाडीला एकाच दिशेला ढकललं. पुढचे टायर रुंद केले, पुढची पकड वाढली. मागचा बार जाड केला, मागची पकड कमी झाली. खूप खाली घेतल्यामुळे मागच्या आर्मचे कोन बदलले, त्यामुळे चाक वरखाली होताना टो किती हलतो हेही बदललं. मूळ गाडीत मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर दिले ते विचार करूनच. वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर आहे, रेस सोडली की त्यातला काही भाग पुढे सरकतो, आणि मागच्या टायरला नेमकी गरज असते तेव्हाच त्याच्यावरचा भार हलका होतो.

शिवाय जड इंजिन मधोमध असल्यामुळे ही गाडी पटकन वळते, तशीच पटकन फिरतेही. पुढे इंजिन असलेल्या गाडीत मागची बाजू सुटताना जेवढा वेळ मिळतो तेवढा इथे मिळत नाही. तुमची दुसरी झोप त्यामुळेच.

अवांतर: या मांडणीचा फायदा किती मोठा आहे ते बघा. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅम मागे इंजिन असलेल्या कूपरमधून विश्वविजेता झाला, आणि १९६० च्या इटालियन ग्रांप्रीनंतर पुढे इंजिन असलेल्या गाडीने फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदात मोजली जाणारी एकही शर्यत जिंकलेली नाही. त्यामुळे गाडीवरचा विश्वास सोडू नका.

मूळ बार परत लावा, उंची थोडी वाढवा. आणि एक प्रश्न: डाव्या वळणात रेस सोडल्यावर असंच होतं का?

धागाकर्ता

फिल्टर कापला, स्वच्छ निघाला. घडी न् घडी बोटाने चाचपली. बाफल आणि गेज दोन्ही बसवतो आहे. मनापासून आभार.

डाव्या वळणाचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवून पाहिलं, रेकॉर्डिंगही बघितलं. डावीकडे दोनदा रेस सोडली आहे, मागची बाजू जरा हलते पण सुटत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

प्रतिसाद ३

मग दोष फक्त बारचा आणि टायरचा नाही. बार दोन्हीकडे सारखाच वागतो. उजव्या वळणात भार कोणावर? मागच्या डाव्या चाकावर. तिथे बघा.

अलाइनमेंटचा कागद गाडी उभी असतानाचा आहे. रेस सोडली की इंजिन ब्रेकिंग मागच्या चाकांना मागे खेचतं. त्या बाजूचा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातला रबरी तुकडा) फाटला असेल तर चाक मागे सरकताना बाहेर तोंड करतं, म्हणजे टो-आउट. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं मागचं चाक बाहेर तोंड करून उभं राहिलं तर मागची बाजू बाहेर जाणारच.

घरी तपासता येतं. गाडी सपाट जमिनीवर घ्या, मागच्या दोन्ही चाकांखाली मध्ये ग्रीस लावलेल्या दोन गुळगुळीत पत्र्यांची जोडी ठेवा म्हणजे चाक मोकळं सरकेल. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा, दोऱ्या एकमेकींना समांतर हव्यात. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. पुढची चाकं ठोकळे लावून अडवा. मग हबच्या भागाला रॅचेटचा पट्टा बांधून चाक मागे ओढा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना सारखीच ओढ द्या. गाडीखाली जायची वेळ आली तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

धागाकर्ता

सापडलं! आकडे देतो.

उजवं चाक: उभ्या गाडीत १.५ मिमी टो-इन, ओढल्यावर साधारण १ मिमी टो-इन.
डावं चाक: उभ्या गाडीत १.५ मिमी टो-इन, ओढल्यावर २ मिमी टो-आउट.

तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मग चाक उतरवून चाकाला मागेपुढे धरणाऱ्या रॉडच्या पुढच्या टोकाचा बुश पाहिला. वरून रबर ठाकठीक. पट्टा ताणला की आतल्या नळीभोवती अर्धचंद्रासारखी भेग उघडते, सैल केला की मिटते. दोन वर्षं मी त्याच्याकडे टॉर्च मारून "ठीक आहे" म्हणत आलो होतो. ओढल्याशिवाय ती भेग दिसत नाही.

मागचे सगळे बुश दोन्ही बाजूंचे बदलतो आहे, कडक रबरचे. मूळ बार परत लावला. उंची २५ मिमी वाढवली, म्हणजे आता मूळपेक्षा १५ मिमी खाली. टायर तेच ठेवतो, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

प्रतिसाद २

टायर तेच ठेवताय हे उत्तम. फक्त मागच्या डॅम्परचा रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन उलगडताना तो करतो तो विरोध) किती कडक आहे ते लिहून ठेवा. आणि पहिल्या सेशनमध्ये त्या वळणात शांतपणे जा. आधी रेस थोडी कमी करून बघा, मग निम्मी, मग पूर्ण सोडा. पाय झटकन उचलायची सवय मोडावीच लागेल, बुश नवे असले तरी.

धागाकर्ता

काल जाऊन आलो.

त्या वळणात ऑइल प्रेशर ३ बारच्या (बार हे दाबाचं एकक) खाली गेलं नाही. काटा थोडा हलतो, पडत नाही. रेस तुम्ही सांगितलंत तशी टप्प्याटप्प्याने सोडली. चौथ्या सेशनमध्ये पूर्ण सोडली. मागची बाजू हलली, पण सांगून हलली, आणि पाव वळसा उलटं स्टिअरिंग देऊन थोडी रेस दिली तर जागेवर बसली. डावीकडे आणि उजवीकडे आता सारखंच वाटतं. त्या क्षणी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडलो.

एक प्रश्न उरलाय. हळू वळणात नाक पुन्हा बाहेर जायला लागलंय. ज्याच्यासाठी तो बार लावला होता तेच. पुढचा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलवण्याचा कोन) वाढवू का?

प्रतिसाद ३

लगेच नको. पुढच्या वेळी सेशन संपवून पिटमध्ये आलात की दोन्ही पुढच्या टायरचं तापमान आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात सुई टोचून घ्या, हवाही गरम असतानाच मोजा. बाहेरची कड जास्त तापली असेल तर कॅम्बर. तिन्ही सारखे असतील तर तुम्ही ब्रेक लवकर सोडताय, वळण सुरू होईपर्यंत पुढच्या चाकांवर थोडं वजन ठेवून बघा. आकडे इथेच टाका.