इवँगेलियन: शिंजी डोक्यात जातो, पण सिरीज सोडवतही नाही

गोदाकाठ:
'इवँगेलियन' या जपानी ॲनिमेचे १५ भाग झाले. रोबोट बघायला बसले आणि पदरात पडला तो चालवणारा शिंजी! चौदा वर्षांचं पोर, बापाने तीन वर्षांनी बोलावलं तेही "यात बस आणि लढ" सांगायला, सगळं मान्य. पण सारखं आपलं "मी नाही बसणार" आणि कानात हेडफोन. तोच वॉकमन, तीच २५ आणि २६ नंबरची गाणी. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, हे तुझ्यासाठी नाही." त्याचं ऐकू का? पुढे याचं कुणाशी धड जमतं का? शेवट फोडू नका, प्लीज.

झोपमोड:
रडूबाई आहे, +१. मी सहाव्या भागात सोडली. रोबोटच हवे असतील तर १९७९ची मूळ गंडम बघा.

खारीबिस्कीट:
झोपमोड, गंडममधला हीरो अमुरो काय कमी आहे का? नवव्या भागात कप्तान ब्राइट दोन ठेवून देतो तर म्हणतो, "बाबांनीसुद्धा मला कधी मारलं नाही!" :)

गोदाकाठ, शिंजी रोबोटमध्ये बसतो की नाही ते सोडा, त्याला आपल्याकडे ठेवून घेणाऱ्या त्याच्या बॉसच्या, मिसातोच्या घरात काय चाललंय ते बघा. दुसऱ्या भागात तो फ्रिज उघडतो तर आत बर्फ, चकणा आणि बिअर. (दुसऱ्या फ्रिजात पेंग्विन, ते वेगळंच.) पण त्याआधी दारातच तो पाहुण्यासारखं बोलतो. ती म्हणते, हे तुझंच घर. मग चाचरत "तादाइमा", म्हणजे आपलं "आलो गं". ती म्हणते, "ओकाएरि", म्हणजे "आलास, ये". चौथ्या भागात घर सोडून निघतो, गाडी निघून जाते, हा फलाटावरच उभा. तिथे पुन्हा तेच दोन शब्द. दोघांची सगळी माया तेवढ्यात आटोपते.

दुसरी पायलट आस्का, तिचंही तसंच. नवव्या भागात ६२ सेकंद दोघं एका तालावर लढतात आणि संपल्या संपल्या वचावचा भांडतात. पंधराव्यात ती कंटाळा आला म्हणून चुंबन घेते, तेही त्याचं नाक दाबून! मग धावत जाऊन गुळण्या करते. पण त्याच रात्री तिला आवडणाऱ्या काजीच्या कपड्यांना मिसातोच्या अत्तराचा वास येतो, तेव्हा तिचा चेहरा बघितलात का?

धड जमतं का म्हणाल तर नाही. जमत आलं की बिनसतं. बाविसाव्यात आस्का आणि रेई (तीही पायलटच) लिफ्टमध्ये उभ्या आहेत. पाऊण मिनिटाच्या वर चित्र हलतच नाही. मी नेट गेलं समजून राउटर बंद करून चालू केला.

झोपमोड:
राउटर =)) बरं, सातवा लावतो.

गोदाकाठ:
गुळण्यांवर मी खो-खो हसले होते, अत्तराकडे लक्षच नव्हतं. १५वा परत लावला. भाऊ वैतागून म्हणाला, "मग निदान हेडफोन तरी लाव."